टमी टक (पोटाची लोंबती कातडी कापून काढायची शस्त्रक्रिया) जवळपास ठरलंय. आधी काय विचारू, नंतरची काय तयारी ठेवू?

सांजवात:
नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

वय ४१, राहायला नाशिक. दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. दोन-अडीच वर्षांत ८४ वरून ६७ किलोवर आले. वजन गेलं, पण पोटाची कातडी तिथंच राहिली. बसले की मांडीवर येते. उन्हाळ्यात त्या घडीखाली घाम साचून लाल होतं, खाज सुटते, पावडर टाकून टाकून कंटाळले. शिवाय सोनोग्राफीत पोटाचे दोन स्नायू मधून ४ सेंटिमीटर फाकलेले आणि बेंबीशी छोटा हर्निया निघाला.

दोन ठिकाणी जाऊन आले. पहिल्या ठिकाणी एका ताईंनी (डॉक्टर नव्हेत, "कौन्सिलर") पॅकेज सांगितलं. या महिन्यात पैसे भरले तर सूट, दुसऱ्या दिवशी घरी, आठवड्यात ऑफिस. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर स्वतः पाऊण तास बोलले, मला उभं करून, बसवून, वाकवून पोट बघितलं आणि म्हणाले, "घाई नाही, प्रश्न लिहून आणा आणि परत या." आता प्रश्न काय लिहू तेच सुचत नाहीये!

मुलाची दहावी मार्चमध्ये संपते, त्यानंतर लगेच करावं असं डोक्यात आहे. नवऱ्याला माहीत आहे. सासूबाईंना सांगितलेलं नाही. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा. फोटो नकोत, ते इंटरनेटवर पोटभर बघितले.

दोडका:
रोज सूर्यनमस्कार आणि प्लँक. सहा महिन्यांत पोट सपाट. देवाने दिलेल्या शरीरावर सुरी चालवायची ही पाश्चात्त्यांची थेरं आपल्याकडे कशाला?

कोयनाकाठ:
दोडकाभाऊ, प्लँकने स्नायू कसतात, ताणून लोंबलेली कातडी आत जात नाही. फुगा एकदा पूर्ण फुगवून हवा सोडली की कसा दिसतो ते आठवा. बाईने सतरा किलो स्वतःच्या मेहनतीने उतरवलेत, तिला व्यायाम शिकवू नका.

सांजवातताई, मी करून घेतलंय, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा ४३ ची होते. रात्री पोळ्या आटोपल्या की सविस्तर लिहिते. तोवर एकच: "या महिन्यात सूट" म्हणणाऱ्यांकडे परत जाऊ नका. पोटाची शस्त्रक्रिया म्हणजे संक्रांतीचा साड्यांचा सेल नव्हे.

घाटमाथा:
दोडका, थेरं पाश्चात्त्यांची नाहीत हो. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेत बैल हाकणारा माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढं पुण्याजवळ कुंभार जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक बसवलं. आधी मेणाचं नाक करून माप घेतलं, मग तेवढी कातडी आखली. ते १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासकट छापून आलं आणि ते वाचून वीस वर्षांनी तिकडच्या सर्जनने तशी शस्त्रक्रिया केली. म्हणजे शिकले ते.

कोयनाकाठ:
हं, आता बसले. लांबण लागेल, चहा घेऊन वाचा.

मी कराडजवळची, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. तिसरं बाळंतपण झालं तेव्हा जुळी होती, तेव्हा पोटाची काय अवस्था असेल बघा. ऑपरेशन पुण्यात केलं. डॉक्टर चांगले होते, आजही म्हणते. तरी माझं बिघडलं, आणि बिघडलं ते माझ्यामुळं. तेवढं सांगायलाच लिहितेय, बाकीचं ओघात येईल.

मी मशेरी लावायचे. आमच्या आजीची चपटी डबी असायची, तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची आणि खलात कुटायची. दुखऱ्या दाढेला म्हणून तिने लावली, मी आठवीत असेन. ती सुटली नाही. सकाळी एकदा, दुपारी शाळेतून आल्यावर एकदा, मोरीचं दार लावून. नवऱ्याला माहीत होतं, बाकी कुणालाही नाही. आमच्या शाळेच्या फाटकावर "तंबाखूमुक्त शाळा" असा बोर्ड आहे, त्यातली अक्षरं मीच रंगवलीत. तर अशी मी.

पहिल्या भेटीत एक फॉर्म दिला, इंग्रजीत. त्यात विचारलं होतं, स्मोकिंग? मी "नो" वर खूण केली. खोटं कुठं होतं? आयुष्यात विडी ओढली नाही. भूल देणाऱ्या मॅडमनी तोंडी विचारलं, "काही व्यसन?" शेजारी दीर बसलेले. म्हटलं, "छे, काही नाही."

ऑपरेशन साडेतीन तास चाललं, उत्तम झालं. सहाव्या दिवशी ड्रेसिंग बदलताना डॉक्टर एकदम गप्प झाले. बेंबीच्या खाली, टाक्यांच्या बरोबर मधोमध, साधारण पाच रुपयांच्या नाण्याएवढी कातडी जांभळट झाली होती. चार दिवसांत ती काळी पडली, वाळल्या खारकेसारखी. डॉक्टरांनी सिस्टरना बाहेर पाठवलं, दार ओढून घेतलं आणि विचारलं, "बाई, तंबाखू कोणत्या रूपात?" मी रडायलाच लागले.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाची कातडी बरगड्यांपर्यंत सोडवून खाली ओढतात, त्यामुळं तिचे बरेच रक्तपुरवठे तुटतात, रक्त येतं ते बाजूंनी आणि वरून. खालचा मधला भाग सगळ्यात लांबचा, पाटाच्या शेवटच्या शेतासारखा. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात. पाणी कमी पडलं की शेवटचंच शेत वाळतं. निकोटिन धुरातून आलं काय आणि हिरडीतून आलं काय, रक्ताला फरक नाही. आधी किमान चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद पाहिजे होतं. मी तर ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी लावली होती, "उद्यापासून जमणार नाही" म्हणून जरा जास्तच.

ती काळी कातडी कापून काढली, आणि पुढं सहा आठवडे एक दिवसाआड ड्रेसिंग. जखम तळापासून भरत वर आली. आज तिथं व्रण बोटभर रुंद आहे, बाकी दोन्ही बाजूंना रेघेसारखा. मशेरी त्या दिवशी सुटली ती सुटली, डबी मीच कोयनेत टाकली. (प्रदूषण केलं, मान्य.)

तेव्हा ताई, प्रश्न लिहायच्या आधी स्वतःबद्दलची यादी लिहा. मशेरी, गुटखा, पानातली तंबाखू, वैद्यांचा काढा, लसणाच्या गोळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ई, डोकेदुखीला घेतो ती ॲस्पिरिनवाली गोळी, सगळं. यातल्या काहींनी रक्त जास्त वाहतं. काय बंद करायचं आणि कधी, ते डॉक्टर सांगतील, आपल्या मनाने करायचं नाही. आणि डॉक्टरांना पाच मिनिटं एकटं भेटा. दीर, नणंद, नवरासुद्धा बाहेर.

प्रश्नांचं म्हणाल तर मी हे विचारलं होतं, किंवा विचारायला हवं होतं. एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी (नवं नाव डीआरएनबी) ही पदवी आहे का (नुसतं "कॉस्मेटिक सर्जन" ही पाटी म्हणजे पदवी नव्हे), महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ थांबणार का, रात्री दोन वाजता काही झालं तर फोन कोण उचलेल आणि दवाखान्यात तेव्हा कोण असेल. आयसीयू तिथंच आहे की ॲम्ब्युलन्सने दुसरीकडे न्यायचं. बिघडलं आणि पुन्हा टेबलवर घ्यावं लागलं तर खर्च कुणाचा. माझ्या सहा आठवड्यांच्या ड्रेसिंगचा खर्च त्यांनी सोसला, पण तो त्यांचा स्वभाव म्हणून. कागदावर कुठंच नव्हतं. आणि संमतीपत्रात आपले फोटो जाहिरातीला वापरायची परवानगी मध्येच घातलेली असते, ती ओळ नको असेल तर खोडता येते. मी खोडली. संमतीपत्र मराठीतही मागा.

व्रण एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत असतो, हे कानांनी ऐकलेलं असतं पण डोळ्यांना पटत नाही. तपासायला जाताना तुम्ही रोज घालता ती निकर घालून जा. ऑपरेशनच्या सकाळी उभं करून पेनने आखतात, तेव्हा व्रण तिच्या आत बसेल असं बघतात. बेंबीवरचे स्ट्रेच मार्क जात नाहीत, खाली सरकतात इतकंच. जे कापलेल्या भागात असतात तेवढेच जातात. आणि काट्यावर फार आशा ठेवू नका. माझी काढलेली कातडी-चरबी भरली फक्त १ किलो ३०० ग्रॅम. एवढ्यासाठी जीव टांगणीला लावला होय, असं वाटलं होतं त्या दिवशी.

आता घरचं. इथं कुणी काही सांगत नाही म्हणून सांगते.

संडास कमोडचा नसेल तर आधी खुर्चीचा कमोड आणा. उकिडवं बसणं महिनाभर तरी विसरा. जमिनीवर अंथरूण चालत नाही, पलंग हवा, पाठीला तीन उशा आणि गुडघ्याखाली एक. पहिला आठवडा-दहा दिवस कमरेत वाकूनच चालायचं असतं, सरळ उभं राहिलं की टाक्यांवर ताण येतो. मी आरशात बघितलं तर हुबेहूब आजी. खोकला किंवा शिंक आली की छोटी उशी पोटाला घट्ट धरायची. आणि फोडणी! मिरचीच्या फोडणीचा ठसका काय असतो ते माझ्या चुलतबहिणीच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये तिसऱ्या दिवशी कळलं. त्यानंतर मी तिथून निघेपर्यंत त्या घरात फोडणी फक्त मी गॅलरीत असताना. दुखायच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथायचं तर नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून इसबगोल आणून ठेवा.

आत साचणारं रक्त-पाणी बाहेर काढायला दोन्ही बाजूंना एकेक ड्रेन होता. नळी आणि टोकाला रबरी फुगा, तो दाबून चपटा ठेवला तरच ओढतो. नवरा रोज सकाळी सात वाजता मापाने मोजून वहीत लिहायचा, डावा इतका, उजवा इतका, रंग अमुक. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर. चोवीस तासांत तीस मिलीच्या खाली आल्यावर डॉक्टरांनी काढले, एक नवव्या दिवशी, दुसरा अकराव्या. त्या वहीच्या मागच्या पानांवर त्याने दुधाचा हिशेब लिहिलाय, म्हणून ती अजून घरात आहे.

घर लांब असेल तर ड्रेन निघेपर्यंत दवाखान्याच्या जवळ राहा. मी बाराव्या दिवशी कराडला आले, दीडशे-एक किलोमीटर, दर तासाला गाडी थांबवून खाली उतरून चालत. सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये उशी.

पोटाला आवळून बांधायचा पट्टा सहा आठवडे, आंघोळ सोडून दिवसरात्र. आणि इथं मार्चबद्दल बोलायचंय. मी सुट्टी मिळते म्हणून एप्रिलमध्ये केलं. कराडचा एप्रिल-मे आणि अंगावर तो जाड इलॅस्टिकचा पट्टा! घामोळ्यांनी पाठ भरली, दोन पट्टे आळीपाळीने धुऊन वापरले तरी. तुम्हाला मुळात घामाचाच त्रास आहे. जून लागू द्या, नाहीतर दिवाळीनंतर करा. सहा आठवडे पाण्याची बादली, कुकर, सिलिंडर, पोर, काही उचलायचं नाही हेही धरून चाला.

पाचव्या दिवशी मला विनाकारण रडू आलं. पोट सुजलेलं, नळ्या लोंबतायत, डोक्यात एकच, की चांगल्या अंगाचं हे काय करून घेतलं. डॉक्टर म्हणाले, ठरलेलं असतं, जाईल. गेलं. संध्याकाळची सूज चार महिने येत होती. बेंबीखाली हाताला काही कळत नाही असा पट्टा अजून थोडा आहे. तिथं गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका, भाजलेलं समजत नाही. आमच्या शेजारणीने प्रेमाने आणून ठेवली होती, वेळीच उचलली.

पुन्हा करशील का विचाराल तर करीन. पावडरचा डबा दोन वर्षांत घेतला नाही. पण डबी आधी टाकीन.

दोडका:
कोयनाकाठताई, वाचलं. माझा शेरा आगाऊपणाचा होता, मागे घेतो. आमच्या मातोश्री मशेरी लावतात आणि पुढच्या महिन्यात त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे. त्यांनाही सांगायला हवं का?

कोयनाकाठ:
हवंच. आजच फोन करा डॉक्टरांना. आईंना रागावू नका मात्र, नाहीतर लपवतील. मला विचारा.

घाटमाथा:
पैशांचं लिहितो, माझा धंदाच विम्याचा आहे.

सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया आरोग्यविम्यात बसत नाही. इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) जे ठरावीक अपवाद दिलेत, त्यातच ती आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या बाबतीत बेंबीच्या हर्नियाचा भाग स्वतंत्रपणे बसू शकतो. पण बऱ्याच पॉलिसींत हर्नियाला दोन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तो बघा. दवाखान्याकडून हर्निया आणि टमी टक यांची दोन वेगळी अंदाजपत्रकं घ्या आणि विमा कंपनीला ऑपरेशनच्या आधी लेखी विचारा. "सगळं हर्नियात दाखवून देतो" असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. क्लेम तपासणीत अडकला की कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते, मग खऱ्या आजारपणाला हात रिकामे. आणखी एक, सौंदर्यशस्त्रक्रियेतून काही गुंतागुंत झाली तर तो खर्चही कंपन्या बहुतेकदा नाकारतात. तेवढे पैसे बाजूला ठेवूनच उतरा.

जीएसटी १८ टक्के. बाकी उपचारांना माफी आहे, सौंदर्यशस्त्रक्रियेला नाही. जन्मजात दोष, वाढीतला दोष, इजा यामुळं बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर माफ. म्हणजे कावसजीच्या नाकाला आज कर लागला नसता! तर पॅकेजचा आकडा करासहित आहे का, भूलतज्ज्ञ, पट्टा, औषधं, नंतरची ड्रेसिंगं त्यात धरलीत का, ते एका कागदावर सहीनिशी घ्या.

निवृत्त सिस्टर:
मुंबईत प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात एकवीस वर्षं काढली. कोयनाकाठ, तुमच्यासारख्या मशेरीवाल्या मी डझनाने बघितल्या, फक्त कबूल कमी जणी करतात. म्हणून आम्ही "सिगारेट ओढता का" असं विचारणंच सोडलं होतं. "दात कशाने घासता?" असं विचारायचो. लगेच कळायचं.

त्यांनी लिहिलेलं सोडून राहिलेलं सांगते.

उपाशी राहा म्हणजे उपाशी. जड जेवण आठ तास, हलकं खाणं सहा तास आधी बंद. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, पण भूलतज्ज्ञ सांगतील तेच खरं. दुधाचा चहा हे पाणी नव्हे, खाणं आहे. "फक्त अर्धा कप घेतला हो सिस्टर" या अर्ध्या कपापायी किती ऑपरेशनं दुपारवर ढकलली असतील त्याची गणती नाही.

पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या देवकार्यासाठी घेतात तशा ऑपरेशनसाठीही बायका मनाने घेतात. घेऊ नका, घेतल्या असतील तर सांगा. गर्भनिरोधक गोळ्याही सांगा. काही संप्रेरकांच्या गोळ्यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती गुठळी होऊ नये म्हणूनच आम्ही पेशंटला त्याच संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या सकाळी उठवून चालवतो. शिव्या खाऊन चालवतो. नातेवाईक म्हणतात, पडू दे बिचारीला. पडू द्यायचं नाही. झोपलेलं असतानाही पावलं वर-खाली हलवायची.

एका पोटरीत दुखणं किंवा एकाच पायाला सूज, अचानक धाप, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवत बसू नका, सरळ जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि "अमुक दिवसांपूर्वी ऑपरेशन झालंय" हे पहिल्या वाक्यात सांगा. ड्रेनचा फुगा अचानक लालभडक रक्ताने भरायला लागला, पोटाची एकच बाजू फुगली, तरी तेच. थंडी वाजून ताप, टाक्यांभोवतीची लाली रोज पसरत जाणं, घाण वास, कातडी जांभळी-काळी, याला सर्जनला त्याच दिवशी दाखवायचं. ड्रेन काढल्यावर पोटात पाण्याची पिशवी हलल्यासारखं वाटलं तर आत पाणी साचलेलं असतं. ओपीडीत सुईने काढतात, त्याला घाबरायचं कारण नाही, पण घरी बसून जिरेल म्हणून वाट बघू नये.

डिस्चार्जच्या वेळी ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागून घ्या. मागणी केल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कुणी तोंड वाकडं केलं तर करू द्या.

व्रणावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, जखम पूर्ण मिटल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हापासून. हळद-तूप नको. कान टोचलेल्या जागी पूर्वी कधी गाठ आली असेल तर ते पहिल्याच भेटीत दाखवा, व्रणही तसाच वाढू शकतो.

सांजवात:
सगळ्यांचं तीनदा वाचलं. कोयनाकाठताई, तुमचं वाचून एक गोष्ट लिहायची हिंमत करतेय. सतरा किलो सगळे माझ्या मेहनतीचे नाहीत. शेवटचे सहा किलो आठवड्यातून एकदा घ्यायच्या वजनाच्या इंजेक्शनने गेलेत. अजून चालू आहे. नवऱ्याला "व्हिटॅमिन" म्हणून सांगितलंय. दोन्ही डॉक्टरांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही. "डाएट" म्हटलं.

निवृत्त सिस्टर:
बरं झालं बोललीस गं. हे भूलतज्ज्ञाला कळलंच पाहिजे. त्या इंजेक्शनने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. तू इमानदारीत आठ तास उपाशी राहिलीस तरी पोटात अन्न असू शकतं, आणि भूल देताना ते वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. बंद कधी करायचं, की चालू ठेवून उपास वाढवायचा, ते तेच ठरवतील. साखरेसाठी कुणी लिहून दिलं असेल तर त्या डॉक्टरांनाही विचार. दुसरं, वजन अजून उतरतंय ना? मग आत्ता कापून घेऊ नकोस. वजन सहा महिने एका जागी राहिलं पाहिजे, नाहीतर कातडी पुन्हा सैल पडते.

कोयनाकाठ:
सांजवातताई, सहा काय नि सतरा काय. पण तुमचंही दार लावलेलंच निघालं की! मोरीच्या ऐवजी फ्रिजचं.

सांजवात:
दुधाच्या पिशव्यांच्या मागं ठेवते. 🙈

आज दुसऱ्या डॉक्टरांकडे एकटी जाऊन आले. यादी दिली, इंजेक्शनसकट. ते रागावले नाहीत, फक्त पेन ठेवून म्हणाले, "हे सांगितलंत म्हणून तारीख देत नाही." सहा महिने वजन बघायचं, हिमोग्लोबिन १०.२ आहे ते आधी वर आणायचं, मग पुन्हा भेट. म्हणजे मार्च गेलाच, दिवाळीनंतरच. दोन अंदाजपत्रकंही तेव्हाच देणार आहेत.

आणि सासूबाईंना सांगून टाकलं. मला वाटलं होतं खूप बोलतील. त्या थोडा वेळ भाजीच निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी त्यांनी लोणच्याची बरणी उचलली होती, कारण सांगायला कुणी नव्हतं. मग म्हणाल्या, "दिवाळीनंतर ना? बरण्या खालच्या फळीवर घेते."